एक खोबण रिकामी

न्यू हेवनकडून हार्टफर्डकडे येताना, शहर तीन-चार मिनिटांवर राहिले की महामार्गाच्या डाव्या हाताला, विटांच्या जुन्या इमारतींमधून एक निळा घुमट वर आलेला दिसतो. आकार कांद्यासारखा, अंगावर सोनेरी तारे, आणि टोकावर मागच्या दोन पायांवर उभे राहिलेले एक शिंगरू. कनेक्टिकटमध्ये आल्यावर पहिली दोन वर्षे मी त्याला रशियन पंथाचे चर्च समजत होते. ते सॅम्युअल कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्याचे शिखर आहे, हे मला कामावरच्या एका निवृत्तीला आलेल्या टूलमेकरने सांगितले आणि वर हेही सांगितले की १८६४ च्या फेब्रुवारीत मूळ कारखाना जळाला तेव्हा कोल्ट स्वतः दोन वर्षांपूर्वीच वारला होता, त्यामुळे तो पुन्हा उभा केला तो त्याच्या बायकोने, एलिझाबेथने. शिंगराचा अर्थही त्याच दिवशी कळला. ‘कोल्ट’ म्हणजे शिंगरूच. आपल्या मराठीत बंदुकीच्या ज्या भागाला घोडा म्हणतात, त्याचाच व्यापार करणाऱ्याच्या आडनावात आणि छपरावर घोड्याचे पोर असावे, याची गंमत त्या गृहस्थांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला होता.

हे टूलमेकर विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझ्याबरोबर होते. मी तपासणी विभागात, ते टूलरूममध्ये. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाभोवती चार-पाच माणसे जमत आणि विषय फिरून फिरून एकाच जागी येई: कोल्टचे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे १८७३ सालचे रिव्हॉल्व्हर पुन्हा धडपणे बाजारात यावे का, आणि आले तर ते कसे असावे. कारखान्यातून ते गेली अनेक वर्षे फार थोड्या संख्येने बाहेर पडते, किंमत सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरची असते, आणि वाट पाहणाऱ्यांची रांग मात्र हलत नाही. २०२० साली कंपनीने आपले पायथन हे १९५५ चे रिव्हॉल्व्हर नव्या रचनेसह परत आणले आणि २०२१ मध्ये ही सगळी कंपनीच चेक मालकांच्या हाती गेली, तेव्हा या मंडळींच्या आशेला पालवी फुटली. आशेबरोबर भीतीही आली, कारण जी वस्तू इतकी वर्षे मनात जपली, ती परत येताना दुसरीच होऊन आली तर काय, हा प्रश्न त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या जेवणाच्या डब्याशेजारी मांडलेला असे.

मी बंदूकवाली नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझ्या नावावर एकही शस्त्र नाही आणि याच राज्यात, न्यूटाउनच्या शाळेत, डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्यांना बळी पडली, हे विसरून या विषयावर लिहिणे मला जमणार नाही. पण सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथवर संसार चालवणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले. एखादा भाग दुसऱ्या भागात कसा बसतो, चाल कुठे आहे, खुळखुळ कुठे आहे, हे हात लावून पाहण्याची सवय मला तिथूनच लागली, आणि त्या सवयीमुळेच मी त्या टेबलाशी जाऊन बसले.

पहिल्यांदा ते रिव्हॉल्व्हर हातात आले ते त्या टूलमेकरांच्या घरी. रिकामे आहे हे त्यांनी स्वतः पाहिले, मग मला दाखवले, मग मलाही पाहायला लावले. त्यांचे रिव्हॉल्व्हर १९५० च्या दशकातले, म्हणजे ज्याला हे लोक ‘दुसरी पिढी’ म्हणतात त्यातले होते. मूठ हातात घेतली आणि मला काही आठवेना, मग एकदम आठवले. हे रुमणे. नांगराच्या रुमण्याला हाताखाली जी उतरती, किंचित आत वळलेली गोलाई असते, तीच. मी तसे म्हटल्यावर ते हसले, कारण अमेरिकेतही या मुठीला नांगराची मूठच म्हणतात. गोळी सुटल्यावरचा धक्का ही मूठ तळहातात रुतवत नाही. ती हातातल्या हातात वर घसरते, नळी आकाशाकडे उचलली जाते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो.

तो अंगठ्याखाली यावाच लागतो, कारण सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चापाला एकच काम असते: मागे ओढून धरलेला घोडा सोडणे. घोडा मागे ओढायचा तो दर वेळी आपण. तो ओढताना चार आवाज येतात, आणि शौकीन सांगतात की कोल्ट आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे उच्चारते. मी कान देऊन ते ऐकले. पहिला टक अगदी लगेच, घोडा जेमतेम सुटताच, तो बचावाच्या खाचेचा. दुसरा अर्ध्या वाटेवर. इथे घोडा थांबवला की काडतुसांच्या सहा खोबणींचा सिलिंडर मोकळा फिरतो आणि उजव्या अंगाचे झाकण उघडून एकेक काडतूस भरता येते. मग एक क्षण काहीच ऐकू येत नाही, पण आत बोटासारखा एक पोलादी तुकडा सिलिंडरला खालून वर ढकलत बरोबर एक षष्ठांश फेरा देत असतो. तिसरा आवाज अडसर सिलिंडरच्या खाचेत पडल्याचा, आणि त्याला चिकटूनच चौथा, घोडा पूर्ण मागे अडकल्याचा. तिसऱ्या आणि चौथ्या आवाजातले अंतर किती, यावरून जाणकार माणूस यंत्राची लायकी ठरवतो. अडसर उशिरा पडला तर खोबण नळीच्या सरळ रेषेत येण्याआधीच घोडा तयार होतो. लवकर पडला तर सिलिंडरच्या अंगावर चरा उमटत जातो. हे जुळवण्यासाठी कारागिराला तो छोटा तुकडा कानशीने घासून, बसवून, काढून, पुन्हा घासावा लागतो. संगणकावर चालणारी यंत्रे आज केसाच्या जाडीच्या अंशापर्यंत भाग कापतात, तरी हे शेवटचे घासणे पूर्णपणे टळलेले नाही, आणि टेबलाभोवतीच्या वादाचे मूळ तिथेच आहे.

आता त्याच्या दोषाकडे येते. या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याच्या तोंडाशीच टोचणारा खिळा पक्का बसवलेला असतो, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा घोडा टिकलीवर जाऊन बसावा तसा तो काडतुसाच्या बुडाशी जाऊन बसतो. बचावाची म्हणून जी पहिली खाच आहे ती इतकी नाजूक आहे की रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडले तर ती तुटू शकते आणि बार उडू शकतो. म्हणून सहा खोबणींच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये जाणता माणूस पाचच काडतुसे भरतो. एक भरायचे, एक खोबण सोडायची, पुढच्या चार भरायच्या, घोडा पूर्ण ओढून अलगद खाली सोडायचा. तो रिकाम्या खोबणीवर येतो. रिकाम्या खोबणीत गुंडाळलेली नोट ठेवत, स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च म्हणून, अशीही एक दंतकथा आहे. मला ती दंतकथाच वाटते. खिशात ठेवता येणारी नोट धुराने काळी करून घेण्याइतके गुराखी बावळट नसावेत.

मला याचा धडा प्रत्यक्ष मिळाला. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्यांदा भरायला बसले तेव्हा मी एक भरले, एक सोडले, आणि तिसऱ्या भरावावर शेजारच्या माणसाने काही विचारले म्हणून मोजणी चुकले. पाच भरून झाली होती हे खरे, पण रिकामी खोबण कुठे गेली हे मला सांगता येईना. मी घोडा उतरवणार, एवढ्यात टूलमेकरांनी हात आडवा घातला. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवायला लावून त्यांनी सगळी काडतुसे काढायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून, तोंडाने मोजत, भरायला लावले. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले की या यंत्राशी बोलत असताना दुसऱ्या कोणाशी बोलायचे नसते.

हे यंत्र मुळात जन्माला आले तेही एका दुसऱ्याच्या हक्कामुळे उशिरा. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरण्याच्या कल्पनेचा पेटंट रॉलिन व्हाइट याच्याकडे होता आणि त्याचा वापर स्मिथ अँड वेसन ही प्रतिस्पर्धी कंपनी करत होती. १८६९ साली त्याची मुदत संपेपर्यंत कोल्टला हात बांधून बसावे लागले. मग विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स यांच्या हातून नवे रिव्हॉल्व्हर उतरले, लष्कराच्या चाचणीत उत्तीर्ण झाले, आणि १८७३ मध्ये घोडदळासाठी साडेसात इंची नळीच्या ८,००० नगांची पहिली मागणी आली. १८७८ पासून ते विंचेस्टर रायफलच्या काडतुसातही मिळू लागले, म्हणजे कंबरेच्या एकाच पट्ट्यातल्या काडतुसांवर दोन्ही हत्यारे चालू लागली, आणि पश्चिमेकडच्या माणसाला याहून सोयीचे काय हवे होते?

या रिव्हॉल्व्हरचे पहिले पुनरागमन कोणी शौकिनांनी घडवले नव्हते. १८९२ मध्ये लष्कराने .३८ मापाचे डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो असे रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि .४५ मापाची ही जुनी रिव्हॉल्व्हरे कोठारात गेली. पुढे फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांसमोर .३८ ची गोळी अपुरी पडते असे अनुभवास आले, तेव्हा नळ्या साडेपाच इंचांपर्यंत कापलेली तीच जुनी रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढण्यात आली. टेबलावर ही कथा जुन्या .४५ च्या गौरवासाठी सांगितली जाई. मला मात्र दर वेळी ऐकताना समोरच्या माणसाचा विचार येई, जो आपल्याच बेटावर उभा होता. मी एकदा तसे म्हणाले. थोडी शांतता झाली आणि मग कोणीतरी कॉफी आणायला उठले.

दुसरे पुनरागमन मात्र पूर्णपणे हौसेचे. १९४० च्या सुमारास सुमारे साडेतीन लाख नग झाल्यावर कोल्टने उत्पादन थांबवले. मागणी आटली होती आणि युद्धाच्या कामाला जागा व यंत्रे हवी होती. गंमत अशी की त्याच युद्धात जनरल पॅटन हस्तिदंती मुठीचे, १९१६ सालापासून जवळ बाळगलेले हेच रिव्हॉल्व्हर कमरेला लावून छायाचित्रांत झळकत होते. युद्ध संपले तरी कंपनीने ते पुन्हा हाती घेतले नाही. मग दूरचित्रवाणी आली, आणि १९५० च्या दशकात घरोघर संध्याकाळी गुराखी, शेरीफ आणि दरोडेखोर दिसू लागले. प्रत्येकाच्या कमरेला जे लटकत होते ते दुकानात नव्हते. लॉस एंजेलिसमधल्या एका कंपनीने १९५४ मध्ये त्याची नक्कल बाजारात आणली आणि शेवटी १९५६ साली कोल्टने आपलेच रिव्हॉल्व्हर १२५ डॉलरला पुन्हा विकायला काढले.

तेव्हा परत आले ते नेमके काय, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. दुसऱ्या पिढीचे काम उत्तम होते, यावर सगळ्यांचे एकमत आहे. पण १९५७ मध्ये कंपनीने बारा इंची नळीचे ‘बंटलाइन स्पेशल’ही काढले, वायट अर्प या पश्चिमेकडच्या जुन्या पोलीस अंमलदाराकडे असे रिव्हॉल्व्हर होते या समजुतीवर. ती समजूत १९३१ च्या एका चरित्रातून आणि तिच्यावर बेतलेल्या मालिकेतून पसरली होती. अर्पकडे ते होते याचा पुरावा कोणाला सापडलेला नाही. म्हणजे इतिहासातली वस्तू परत आणता आणता कारखान्याने पडद्यावरची वस्तूही इतिहासात घुसवून दिली. टूलमेकरांना हे बंटलाइन अजिबात आवडत नाही. ती बंदूक आहे की पडद्याचा दांडा, असे ते विचारतात. मला मात्र ते प्रामाणिक वाटते. लोकांना १८७३ नको होते, लोकांना संध्याकाळी सातची मालिका हवी होती, आणि बारा इंची नळीने ते निदान लपवले तरी नाही.

दरम्यान, त्याच कनेक्टिकटमध्ये साउथपोर्टला विल्यम रूगर नावाच्या माणसाने वेगळा रस्ता धरला होता. १९५३ मध्ये .२२ मापाचे आणि १९५५ मध्ये .३५७ मॅग्नमचे ब्लॅकहॉक, असे सिंगल अ‍ॅक्शन त्याने कोल्टच्या आधीच बाजारात उभे केले. ब्लॅकहॉकची किंमत साडेसत्त्याऐंशी डॉलर होती. बाहेरून तेच रुमणे, तोच घोडा, तेच उजवीकडचे झाकण. आत मात्र कोल्टच्या पट्टीसारख्या चपट्या कमानी, ज्या थकून अचानक तुटतात, त्याने फेकून दिल्या आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. आमच्या घरी लेथच्या क्लचची पट्टी अशीच ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत तुटली होती, त्यामुळे रूगरचा हा निर्णय वाचताच मी मनातल्या मनात त्याच्या बाजूची झाले. पुढे १९७३ मध्ये, मूळ रिव्हॉल्व्हरला बरोबर १०० वर्षे झाली त्या वर्षी, त्याच्या कंपनीने रिकाम्या खोबणीचा प्रश्नच मिटवला. घोडा आता टोचणाऱ्या खिळ्याला थेट लागतच नाही. चाप मागे धरला असेल तरच एक पोलादी पट्टी वर सरकून दोघांच्या मध्ये येते आणि घाव पोचवते. रिव्हॉल्व्हर पडले, आपटले, तरी मध्ये पट्टी नाही म्हणून बार नाही. सहाही खोबणी भरा. जुन्या ग्राहकांना कंपनी ही सुधारणा आजही फुकट बसवून देते.

पण या सुधारणेत अर्ध्या वाटेची खाच गेली. झाकण उघडले की सिलिंडर आपोआप मोकळा होतो, आणि घोडा ओढताना ते चार टक येत नाहीत. हा विषय निघाला की टेबलावर उसासे निघतात. पन्नाशीपुढची, आयुष्यभर सुरक्षिततेचे चष्मे घालून ग्राइंडरवर उभी राहिलेली ही माणसे, पण या एका बाबतीत त्यांना धोका परत हवा असतो.

परत येणाऱ्या कोल्टच्या त्यांनी केलेल्या चिकित्सेतही हाच सूर आहे. १९७४ मध्ये दुसरी पिढी थांबली आणि १९७६ मध्ये तिसरी सुरू झाली, तेव्हा नळीचे आटे इंचाला वीसवरून चोवीसवर गेले आणि सिलिंडरच्या आसाभोवतीचा काढता येणारा लांब बुश बदलला. नेमबाजीत त्याने काही फरक पडतो असे मला कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही, तरी लांब बुशावर तासभर बोलणारा माणूस मी पाहिला आहे. फ्रेमवरच्या रंगांचेही तसेच. हाडांच्या कोळशात फ्रेम पुरून तापवायची आणि पाण्यात बुडवायची, की पोलादाच्या कातडीवर निळे, गवताळ, राखी ढग उमटतात. पाणी देण्याची ही रीत मूळची कडकपणासाठी, पण आज सगळे बघतात ते ढगांकडे. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपियात उबेर्ती आणि गुस्सागोत पिएत्ता हे कारखाने याच रिव्हॉल्व्हरच्या नकला मूळच्या तुलनेत फारच स्वस्तात बनवतात. गुराख्यांच्या काळाच्या धर्तीवर भरणाऱ्या हौशी नेमबाजांच्या सामन्यांत, जिथे प्रौढ माणसे जुन्या काळचे कपडे घालून, टोपणनावे घेऊन येतात, त्यांचीच रेलचेल असते. मग कोल्टने परत यावेच कशाला? टूलमेकरांचे उत्तर एका शब्दाचे होते: शिंगरू. इटालियन नकलेच्या डाव्या अंगावर ते कोरलेले नसते.

माझे मत त्यांना पटत नाही. मला वाटते की कोल्टने ते परत आणावे, पण पायथनच्या वेळी केले तसे, आतून नव्याने विचार करून: गुंडाळीच्या स्प्रिंगा, मधली पट्टी, आणि किंमत टूलरूममधल्या माणसाला परवडेल अशी. आवाज चारऐवजी दोन आले तरी चालतील. आटे किती हे माझ्यासारख्या तपासणीवालीने मोजावे, बाकीच्यांनी नको. टूलमेकर म्हणतात की तसे केले तर ते रिव्हॉल्व्हर चांगले असेल, पण ‘ते’ नसेल. ‘वकिलांनी काढलेले रिव्हॉल्व्हर मला नको, जे माझ्यावर भरवसा ठेवते ते मला हवे,’ असे त्यांचे म्हणणे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांच्या हाताखाली तो घोडा मागे येताना ऐकला की काही क्षण मला उत्तर नकोही असते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात पहिल्यांदा मैदानावर आली. सोळा-सतरा वर्षांची, केस मागे घट्ट बांधलेले, कानांवर संरक्षक. मला वाटले, ते आपले १९५० च्या दशकातले कोल्ट तिच्या हाती देतील, कारण इतकी वर्षे ते दुसऱ्या कोणत्या वारशाबद्दल बोललेच नव्हते. त्यांनी पेटीतून काढले ते रूगर होते, मधल्या पट्टीचे, नवेकोरे. कोल्ट त्यांनी आणलेच नव्हते. मी काही बोलले नाही आणि त्यांनीही माझ्याकडे पाहायचे टाळले. मुलीने झाकण उघडले, पेटीतून काडतुसे घेतली आणि एकामागून एक सहाही खोबणी भरल्या. तिने झाकण लावायच्या आत त्यांनी हात पुढे करून एक काडतूस काढून घेतले आणि खिशात टाकले. ती म्हणाली, आजोबा, यात सहा चालतात, माहितीपत्रकात लिहिले आहे. ते म्हणाले, सामन्यांचा नियम पाचचा आहे, कोणतेही रिव्हॉल्व्हर असो, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले.